फॅटी लिव्हरवर 'दोन वनस्पती-घटक एकत्र': सिनर्जी हा शब्द वापरायच्या आधी

पेट झाली, आता आरआरसीसमोर सादरीकरण आहे, विषय बघून सांगाल का, असे मेल जुलैच्या आसपास यायला लागतात. त्यातल्या बऱ्याच सिनॉप्सिसचं शीर्षक साधारण एकाच साच्यातलं असतं: अमुक वनस्पती-घटक आणि तमुक वनस्पती-घटक यांचा फॅटी लिव्हरवरील 'सिनर्जिस्टिक' परिणाम. अमुकच्या जागी करक्युमिन, तमुकच्या जागी बर्बेरिन, रेझव्हेराट्रॉल, सिलिमॅरिन, कुटकीतले पिक्रोसाइड्स, कालमेघातलं अँड्रोग्राफोलाइड. विषय वाईट नाही, मी स्वतः त्याच गल्लीत काम करतो. पण समितीतला एखादा ज्येष्ठ माणूस शांतपणे एकच प्रश्न विचारतो आणि तिथे बहुतेकांची गाडी अडते: "दोन कशासाठी? एकाचाच डोस वाढवून तेवढंच साधलं असतं, तर?"

या प्रश्नाचं उत्तर प्रयोगातूनच द्यायचं तर प्रयोग कसा मांडावा लागतो, ते आज लिहितो.

आधी आजाराबद्दल थोडक्यात, कारण नावाचाच घोळ आहे. दारूचा संबंध नसताना यकृतात चरबी साठते त्याला इतकी वर्षं एनएएफएलडी म्हणायचे. २०२३ मध्ये हे नाव बदलून एमएएसएलडी झालं. आता व्याख्येत दारूचा नकार पुरत नाही. वजन, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल अशांपैकी चयापचयाशी निगडित निदान एक गोष्ट बिघडलेली असावी लागते. सिनॉप्सिसमध्ये नवं नाव वापरा आणि जुने पेपर जुन्या व्याख्येने केलेत हे एका वाक्यात सांगा. आपल्याकडे हा आजार किती आहे? भारतातल्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये आलं, त्यात प्रौढांमधलं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. त्याआधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, केंद्र सरकारने असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला होता. औषधांच्या बाजूला बरीच वर्षं शुकशुकाट होता. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, तीही सूज आणि मध्यम ते पुढच्या टप्प्याचं फायब्रोसिस असलेल्यांसाठी. साध्या चरबीवर आजही पहिला उपाय वजन कमी करणं हाच आहे. तेव्हा 'या आजारावर औषधच नाही, म्हणून वनस्पती' हे वाक्य प्रस्तावनेत असेल तर काढून टाका. ते आता खरं राहिलेलं नाही.

दोन घटक घ्यावेसे का वाटतात

यकृतातली चरबी येते कुठून? २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने रुग्णांना समस्थानिकांनी खूण केलेली स्निग्धाम्लं दिली आणि नंतर त्यांच्या यकृताच्या तुकड्यातल्या चरबीचा माग काढला. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातल्या मुक्त स्निग्धाम्लांतून, म्हणजे मुख्यतः पोट-मांड्यांवरच्या साठ्यातून आलेली होती. २६ टक्के यकृताने स्वतःच साखरेपासून वगैरे तयार केलेली होती आणि १५ टक्के थेट जेवणातली. हा अभ्यास लहान होता, पण हे तीन आकडे पाठ असू द्या.

टाकीला तीन नळ आहेत आणि पाणी जाण्याच्या वाटा दोन: चरबी जाळणं आणि तिला व्हीएलडीएलच्या रूपात बाहेर पाठवणं. एखादा घटक फक्त यकृतातली चरबीनिर्मिती रोखत असेल (एसआरईबीपी-१सी दाबणारे बरेच वनस्पती-घटक हेच करतात) तर तो जेमतेम पाव भागाच्या नळावर बसलाय. दुसऱ्या घटकाने दुसरा नळ धरला, तर एकत्र देण्यात अर्थ आहे. शिवाय चरबीच्या पुढे सूज आहे, ऑक्सिडेटिव्ह ताण आहे, फायब्रोसिस आहे. त्यामुळे 'अनेक वाटांनी होणारा आजार, म्हणून अनेक घटक' हा तर्क मुळात बरोबर आहे.

पण मग जोडी निवडताना तो तर्क पाळायला नको का? बर्बेरिन मायटोकॉन्ड्रियातलं कॉम्प्लेक्स-१ अडवतं, पेशीतली ऊर्जा कमी पडल्याचा इशारा जातो आणि एएमपीके जागं होतं. रेझव्हेराट्रॉलसाठीही एएमपीकेचीच वाट सांगितली जाते. दोघं एकाच दारातून आत येत असतील, तर दुसऱ्याला बोलावून काय मिळवलं? उलट करक्युमिनसाठी एनआरएफ-२ ही ऑक्सिडेटिव्ह ताणाशी लढणारी वाट जास्त सांगितली जाते. म्हणजे बर्बेरिन आणि करक्युमिन या जोडीला निदान कागदावर कारण आहे. जोडी 'दोन्ही आपल्याकडे कपाटात होत्या' म्हणून निवडलेली असते, हे मी विनोदाने लिहीत नाहीये.

(जाता जाता: हळद आणि दारुहळद यांचा नावापलीकडे संबंध नाही. हळद आल्याच्या कुळातली, करक्युमिन तिच्यातलं. दारुहळद म्हणजे बर्बेरिस हे काटेरी झुडूप, बर्बेरिन त्याच्यातलं. एका सिनॉप्सिसमध्ये मी दोन्ही 'हळदीचे घटक' म्हणून एकत्र वाचलेत.)

बेरीज म्हणजे काय, इथूनच सुरुवात

माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट. हेपजी-२ पेशी, वरून ओलेइक आणि पामिटिक आम्ल, मग करक्युमिन एकटं, बर्बेरिन एकटं आणि दोन्ही एकत्र. एकत्रचा परिणाम दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त आला. मी आनंदाने ग्राफ काढला, वर तीन तारे दिले आणि गाईडना दाखवला. त्यांनी ग्राफकडे मिनिटभर पाहिलं आणि विचारलं, "एकट्या बर्बेरिनचा दुप्पट डोस कुठाय?" तो नव्हता. पुढच्या आठवड्यात तो लावला. एकट्या बर्बेरिनच्या दुप्पट डोसने जवळजवळ तेवढाच परिणाम दिला. माझी सिनर्जी तिथेच संपली.

नेमकं काय चुकलं ते एका उदाहरणाने बघू. आकडे समजावण्यापुरते, सोयीचे घेतलेत. समजा, एक घटक १० मायक्रोमोलरला चरबी निम्म्याने कमी करतो आणि त्याचा डोस-परिणामाचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा आहे, हिल गुणांक २. गणित केलं तर ५ मायक्रोमोलरला परिणाम २० टक्के येतो, १० ला ५० टक्के, २० ला ८० टक्के. आता त्या एकाच घटकाच्या दोन बाटल्या घ्या. एकीवर 'अ' लिहा, दुसरीवर 'ब'. अ चे ५ मायक्रोमोलर: २० टक्के. ब चे ५ मायक्रोमोलर: २० टक्के. दोन्ही एकत्र म्हणजे प्रत्यक्षात १० मायक्रोमोलर: ५० टक्के. वीस अधिक वीस चाळीस, आले पन्नास! घटकाची स्वतःशीच सिनर्जी!

म्हणून साधी बेरीज हा निकष चालत नाही. मग कुठला चालतो? दोन जुने मार्ग आहेत.

एक ब्लिस यांचा, १९३९ चा. दोन घटक एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र वाटांनी काम करतात असं धरायचं. पहिल्याने २० टक्के चरबी घालवली, तर दुसरा उरलेल्या ८० टक्क्यांवर काम करणार. सूत्र: अ + ब − (अ × ब). आपल्या उदाहरणात ०.२ + ०.२ − ०.०४ = ०.३६. अपेक्षा ३६ टक्के, आले ५० टक्के. म्हणजे ब्लिससुद्धा या 'अ आणि ब' बाटल्यांच्या नाटकाला फसतो, कारण त्या बाटल्या स्वतंत्र नाहीतच.

दुसरा लोएव यांचा, १९२० च्या दशकातला. तो परिणामांची बेरीज करत नाही, डोसची करतो. एखादा परिणाम एकट्या अ ने गाठायला किती लागतो, एकट्या ब ने किती, आणि एकत्र दिल्यावर प्रत्येकाचा त्यातला किती हिस्सा लागला? हिश्शांची बेरीज १ आली तर नुसती भर, १ पेक्षा स्पष्ट कमी आली तर सिनर्जी, जास्त आली तर दोघं एकमेकांच्या पायात येताहेत. आपल्या बाटल्यांचं बघा: ५० टक्के परिणामाला एकट्या अ चे १० लागतात, इथे ५ वापरले, ब चेही तसंच. ५/१० + ५/१० = १. नाटक पकडलं. चाऊ आणि तलालय यांनी १९८४ मध्ये याच कल्पनेवर जो 'कॉम्बिनेशन इंडेक्स' बांधला, तोच तुम्हाला बहुतेक पेपरांत दिसतो.

यातून प्रयोगाच्या आखणीसाठी एक गोष्ट थेट निघते. लोएवच्या पद्धतीला प्रत्येक घटकाचा एकट्याचा पूर्ण आलेख लागतो. एक डोस अ, एक डोस ब, एक एकत्र अशा चार बारच्या ग्राफवरून (चौथा कंट्रोल) सिनर्जी सिद्धच होत नाही, कितीही तारे द्या. निदान पाच-सहा डोस अ चे, तेवढेच ब चे आणि ठरलेल्या प्रमाणात मिसळलेल्या जोडीचे. जमलं तर बुद्धिबळाच्या पटासारखी पूर्ण मांडणी: आडवे अ चे डोस, उभे ब चे. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ती बसते. (वेल म्हणजे प्लेटमधला खड्डा. मांडवावरची वेल नव्हे. घरी समजावताना हा खुलासा करावा लागला होता.) आणि इंडेक्स ०.९२ आला म्हणून 'सिनर्जी' लिहू नका. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा केलेल्या प्रयोगांवरून त्याची विश्वासार्हता-मर्यादा काढा. तिच्यात १ बसत असेल, तर ती भर आहे. भर असणं हाही निकाल आहे, आणि त्यात अप्रतिष्ठा नाही. दोघांचे दुष्परिणाम वेगळे असतील, तर निम्म्या-निम्म्या डोसने तेवढाच फायदा मिळणं रुग्णासाठी मोलाचंच असतं.

दोघेही पिवळे

आता बाकावरच्या अडचणी. पेपरच्या 'पद्धती' या भागात या सापडत नाहीत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

चरबी मोजायला आपण ऑइल रेड ओ वापरतो. पेशी रंगवायच्या, रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवायचा आणि ५१० नॅनोमीटरच्या आसपास वाचायचा. करक्युमिन गडद पिवळं. त्याचं शोषण ४२५ च्या आसपास सर्वांत जास्त असतं, पण शेपटी पुढे येते आणि ते पेशीला चिकटतं. बर्बेरिनही पिवळं. बरं, रंगाऐवजी फ्लुओरेसन्स घ्यावा आणि बॉडिपी वापरावं, तर हे दोघेही हिरव्या-पिवळ्या भागात स्वतःच चमकतात. म्हणून प्रत्येक डोसला दोन जास्तीची कंट्रोल लावायची: घटक घातलेल्या पण न रंगवलेल्या पेशी, आणि चरबी न पाजलेल्या पण घटक घातलेल्या, रंगवलेल्या पेशी. शक्य असेल तर ट्रायग्लिसराइड एन्झाइमच्या किटने वेगळं मोजा. तिथेही पिवळ्या रंगाचं ब्लँक वजा करायला विसरू नका.

दुसरं, मेलेल्या पेशीत चरबी कमीच दिसणार. चरबी ४० टक्के कमी झाली आणि पेशीही ३५ टक्के कमी झाल्या, तर तुम्ही यकृत बरं केलं नाही, मारलं. यावर सगळे एमटीटी लावतात. पण एमटीटी पेशीतली, बरीचशी मायटोकॉन्ड्रियातली, क्षपणाची ताकद मोजतं आणि बर्बेरिन नेमकं मायटोकॉन्ड्रियालाच हात घालतं. तेव्हा एमटीटीचा आकडा घसरला म्हणजे पेशी मेल्या की नुसत्या मंदावल्या, हे कळत नाही. डीएनए मोजा किंवा केंद्रकं मोजा, आणि चरबी त्या संख्येवर भागा.

तिसरं, डीएमएसओ. करक्युमिन त्यात विरघळवलं, बर्बेरिनही त्यातच. एकत्रच्या वेलमध्ये दोन्ही टाकले की डीएमएसओ दुप्पट. सगळ्या वेलमध्ये, कंट्रोलसकट, तो एकसारखा ठेवा. हास्यास्पद साधी गोष्ट आहे, पण मी स्वतः ती चुकलोय.

चौथं, दोन घटक पेशीच्या आधी बाटलीतच एकमेकांना भेटतात. बर्बेरिन धनभारित असतं. काही आम्लधर्मी वनस्पती-घटकांबरोबर, उदाहरणार्थ बायकॅलिनबरोबर, त्याचा साका बसतो. मिश्रण तयार करून ३७ अंशांवर तासभर ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. करक्युमिनचं तर वेगळंच: सीरम नसलेल्या, पीएच ७.२ च्या द्रावणात ३७ अंशांवर अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के विघटित होतं. मीडियममध्ये सीरम असेल तर बरंच टिकतं. म्हणजे '२४ तास १० मायक्रोमोलर करक्युमिन' असं आपण लिहितो, तेव्हा त्यातले बरेच तास पेशींपुढे नेमकं काय असतं, हा प्रश्न उरतोच.

आणि मॉडेलची मर्यादा लिहाच. हेपजी-२ मध्ये चरबी आपण बाहेरून ओततो. म्हणजे तीन नळांपैकी पहिला नळ आपणच, एका ठरावीक मापाने, उघडा ठेवतो. पोटावरच्या चरबीतून येणारा ओघ एखादा घटक कमी करत असेल तर ते या प्लेटमध्ये दिसणारच नाही. शिवाय या पेशींमध्ये औषधांचं चयापचय करणारी सायटोक्रोम एन्झाइम्स फार कमी असतात, त्यामुळे यकृतात तयार होणारा विषारी उपपदार्थही इथे सहसा तयार होत नाही. इथे घटक निरुपद्रवी दिसणं आणि रुग्णात निरुपद्रवी असणं, या दोन गोष्टींत बरंच अंतर आहे.

मिरी नेमकं काय करते

'एकत्र' या शब्दाचे दोन पूर्ण वेगळे अर्थ असतात आणि ते वेगळे न केल्याने सगळा गोंधळ होतो. एक: दोन्ही घटक यकृताच्या पेशीत आपापलं काम करतात आणि त्या कामांची जोड जमते. दोन: काम एकच घटक करतो, दुसरा फक्त त्याला रक्तापर्यंत पोचवतो किंवा शरीराबाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्या प्रकाराचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण करक्युमिन आणि मिऱ्यातलं पायपरीन.

बंगळुरूमध्ये झालेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही उद्धृत होतो. निरोगी माणसांना २ ग्रॅम करक्युमिन दिलं, तर रक्तात ते सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये, म्हणजे रॅटमध्ये, तीच वाढ १५४ टक्के होती. दोन गोष्टी लक्षात घ्या. २००० टक्के हा आकडा जवळजवळ शून्याशी केलेल्या तुलनेतून आलाय. वीसपट झाल्यावरही पातळी लहानच असते. आणि प्राण्यातली वाढ माणसातल्या वाढीच्या जवळपासही नव्हती. तैवानमधल्या एका अभ्यासात, पायपरीनशिवाय पण दिवसाला ८ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांत, रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर मिळाली. आपण प्लेटमध्ये सहज १० किंवा २० टाकतो. यकृताला आतड्याकडून थेट रक्त मिळतं, त्यामुळे तिथली पातळी हातातल्या शिरेपेक्षा जास्त असू शकते, हा बचाव योग्य आहे. पण तो मोजून करा.

पायपरीन हे कसं करतं? करक्युमिनला ग्लुक्युरोनाइड चिकटवून बाहेर काढणारी एन्झाइम्स ते अडवतं. सीवायपी३ए४ अडवतं. आतड्याच्या पेशीतून औषधं परत बाहेर ढकलणारा पी-ग्लायकोप्रोटीन हा पंपही अडवतं. ही कल्पना आपल्याकडचीच. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूचा इतक्या पाठांत समावेश का असतो, या प्रश्नावरून जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांच्या गटाने पायपरीनवर काम सुरू केलं. पुढे त्याच वाटेने क्षयरोगाची एक गोळी आली, तिच्यात पायपरीन घालून रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमवर आणलं. मला ते उदाहरण आवडतं, कारण तिथे दावा स्वच्छ होता. पायपरीन जंतू मारतं असं कोणी म्हटलं नाही. ते रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी वाढवतं एवढंच म्हटलं, आणि मोजून दाखवलं.

आता फॅटी लिव्हरकडे परत या. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये करक्युमिन अधिक पायपरीन असेल आणि प्रयोग हेपजी-२ मध्ये असेल, तर तिथे आतडं नाही, पहिल्या फेरीतलं चयापचय जवळजवळ नाही. म्हणजे ज्या कारणासाठी पायपरीन घेतलं, ते कारणच त्या प्लेटमध्ये हजर नाही. मग तिथे जोडीचा जास्त परिणाम दिसला, तर तो कशाचा? पायपरीनच्या स्वतःच्या परिणामाचा असू शकतो. म्हणून 'पायपरीन एकटं' हा गट हवाच.

या अडवण्याची दुसरी बाजू अशी की पायपरीनला फक्त करक्युमिन ओळखता येत नाही. त्याच एन्झाइमांवरून जाणारी बाकीची औषधंही अडतात. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल, थिओफायलिन यांची रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढल्याचे माणसांमधले अभ्यास आहेत. फॅटी लिव्हरचा रुग्ण म्हणजे बहुधा मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या आधीच घेणारा माणूस.

आणि खुद्द यकृत? अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजेची नोंद ठेवणारं एक जाळं आहे. त्यांनी हळदीच्या सप्लिमेंटशी जोडल्या गेलेल्या १० रुग्णांचं विश्लेषण केलं. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तपासता आलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पायपरीन सापडलं. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार होता, म्हणजे ही इजा सरसकट सगळ्यांना होणारी नसून काहींच्या प्रतिकारशक्तीशी निगडित दिसते. इटलीतही अशा नोंदी झाल्या आणि २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हळदीच्या सप्लिमेंटवर इशारा छापणं बंधनकारक केलं. दहा रुग्णांवरून धोक्याचं प्रमाण काढता येत नाही, आणि भाजीतल्या चिमूटभर हळदीशी याचा संबंध जोडू नका. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. पण ज्या आजारावर उपाय म्हणून आपण ही जोडी सुचवतोय, तो आजार यकृताचाच आहे. जैवउपलब्धता वाढवणं म्हणजे औषधाचा डोस वाढवणं. फायद्याबरोबर तोही वाढतो, हे सिनॉप्सिसच्या सुरक्षिततेच्या परिच्छेदात यायला हवं. 'नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम नाहीत' हे वाक्य मी अजूनही दर दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये वाचतो.

माणसांवरच्या चाचण्या वाचताना

जोड्यांच्या चाचण्यांत एक दोष वारंवार दिसतो. इटलीत १७९ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला सिलिबिन, फॉस्फेटिडिलकोलीन आणि ई जीवनसत्त्व हे तिन्ही एकत्र वर्षभर दिलं, दुसऱ्याला प्लासिबो. पहिल्या गटात यकृताची एन्झाइम्स आणि इन्शुलिन-प्रतिरोध सुधारला. छान. पण तिघांपैकी कोणी काम केलं? २०१० ची पिवेन्स चाचणी बघा: मधुमेह नसलेल्या रुग्णांत ९६ आठवडे एकटं ई जीवनसत्त्व दिवसाला ८०० युनिट दिल्यावर ४३ टक्क्यांची बायॉप्सी सुधारली, प्लासिबोवर १९ टक्क्यांची. इटलीतल्या गोळीत ई ची मात्रा बरीच कमी होती हे खरं, पण 'एकटं ई' हा गट नसल्याने प्रश्न मिटत नाही. एकट्या सिलिमॅरिनचं काय? मलेशियातल्या ९९ रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांनी मुख्य निकष ३२.७ टक्क्यांनी गाठला, प्लासिबोवर २६ टक्क्यांनी. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने टिकला नाही. फायब्रोसिसमध्ये मात्र फरक दिसला, २२.४ विरुद्ध ६ टक्के, पण तो दुय्यम निकष होता.

प्लासिबोचे ते १९ आणि २६ टक्के पुन्हा वाचा. काहीही न देता एवढे लोक सुधारतात. चाचणीत आल्यावर माणूस चालायला लागतो, गोड कमी करतो. चीनमधल्या १८४ रुग्णांच्या बर्बेरिन चाचणीत नुसत्या जीवनशैलीच्या गटातही यकृतातली चरबी ३६.४ टक्क्यांनी कमी झाली. बर्बेरिन जोडल्यावर ५२.७ टक्के. म्हणजे बर्बेरिनच्या वाट्याला आली ती वरची सोळा टक्क्यांची भर, आणि चाचणी खुली होती, कोण काय घेतंय ते सगळ्यांना माहीत होतं.

बर्बेरिन आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल यांचं क्षार-रूपातलं एक नवं औषध आहे, बर्बेरिन अर्सोडिऑक्सिकोलेट. २०२१ मध्ये त्याची १०० रुग्णांवरची, १८ आठवड्यांची चाचणी आली. गट तीन: मोठा डोस, लहान डोस, प्लासिबो. मोठ्या डोसवर यकृतातली चरबी ४.८ टक्के-गुणांनी उतरली, प्लासिबोवर २. इथेही एकट्या बर्बेरिनचा गट नाही. कंपनीला औषध म्हणून मान्यता हवी असते, तिला हा गट लागेलच असं नाही. तुम्हाला मात्र 'जोडी चांगली' असं म्हणायचंय, म्हणून तुम्हाला तो लागतो: काहीच नाही, अ, ब, अ+ब. चार गट.

हाच नियम उंदरांच्या प्रयोगाला, आणि तिथे खर्च बोचतो. दोन घटकांची परस्परक्रिया पकडायला एकट्या घटकाचा तेवढ्याच आकाराचा परिणाम पकडायला लागतील त्याच्या साधारण चौपट प्राणी लागतात. नीतिसमितीकडे अर्ज करताना हे गणित जोडा. 'प्रत्येक गटात सहा' हा आकडा आकाशातून पडत नसतो. दुसरं, बर्बेरिन जबर कडू आहे आणि पोट बिघडवतं. खाद्यात मिसळलं तर उंदीर कमी खातात. कमी खाल्लं की यकृतातली चरबी उतरतेच, त्याला रेणूची गरज नाही. रोजचं खाद्य मोजा आणि जोडीच्या गटाएवढंच खायला दिलेला एक कंट्रोल गट ठेवा.

माझ्या सध्याच्या मांडणीत बर्बेरिनचे सहा डोस, करक्युमिनचे सहा, पूर्ण पट, दोन्ही रंगांची कंट्रोल आणि डीएनएवर भागलेलं ट्रायग्लिसराइड आहे. पहिल्या दोन वेळांत इंडेक्स १ च्या अल्याड-पल्याड आलाय. तिसरी प्लेट सोमवारी लावतोय.